तुकड्याच्या रिपोर्टमधला तिरप्या रेघेपुढचा आकडा

महाड-पोलादपूरकडचा माणूस परळच्या टाटा रुग्णालयातून परततो तेव्हा फायलीतला सर्वांत मोलाचा कागद असतो तुकड्याच्या तपासणीचा अहवाल. घरची माणसे त्यात 'कार्सिनोमा' हा शब्द वाचतात आणि तिथेच थांबतात. माझ्या मते त्या शब्दाच्या मागचे-पुढचे शब्दही वाचता यायला हवेत. उपचार, विम्याचे पैसे आणि तालुक्याचा हिशेब या तिन्हींचा त्यांच्याशी संबंध आहे.

शरीराच्या आतल्या-बाहेरच्या पृष्ठभागांवर पेशींचे अस्तर असते. त्वचा, तोंड, अन्ननलिका, गर्भाशयाचे मुख, स्तनातल्या दुधाच्या नलिका, सगळीकडे ते आहे. या अस्तरातून उद्भवणारा कर्करोग म्हणजे कार्सिनोमा. हाड, स्नायू, चरबीतून उद्भवतो तो सार्कोमा; रक्तपेशींचा ल्युकेमिया. म्हणजे प्रत्येक कार्सिनोमा कर्करोग असतो, पण प्रत्येक कर्करोग कार्सिनोमा नसतो. अस्तराच्या चपट्या पेशींतला तो स्क्वॅमस, ग्रंथींच्या पेशींतला अॅडिनोकार्सिनोमा. दातांना मशेरी लावणाऱ्या किंवा गालात तंबाखू धरणाऱ्या माणसाच्या तोंडात आढळतो तो बहुधा स्क्वॅमस.

आता सांकेतिक आकड्यांकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत पसरणाऱ्या कर्करोगांना 'सी' हे अक्षर आहे. जागच्या जागी असलेल्या कर्करोगाला 'डी ००' ते 'डी ०९', साध्या गाठींना 'डी १०' ते 'डी ३६', तर ज्यांचे वागणे निश्चित सांगता येत नाही त्यांना 'डी ३७' ते 'डी ४८'. कर्करोगासाठी १९७६ साली वेगळे वर्गीकरणही आले. त्यात दोन प्रश्नांची दोन उत्तरे लिहितात : कुठे आणि कसला. गालाच्या आतल्या अस्तराचा स्क्वॅमस कार्सिनोमा असेल, तर जागा 'सी ०६.०' आणि जात '८०७०/३'.

तिरप्या रेघेनंतरचा एकच आकडा गाठीचा स्वभाव सांगतो. शून्य म्हणजे साधी, एक म्हणजे अनिश्चित, दोन म्हणजे जागच्या जागी, तीन म्हणजे आत शिरलेली. अस्तराखाली एक पातळ पडदा असतो. पेशी बिघडल्या, पण पडदा ओलांडला नाही, तर दोन. ओलांडला की तीन. 'दोन'वर सापडलेला रोग बहुधा तिथेच संपवता येतो. मात्र गंभीर आजारांच्या विमा पॉलिसीत कर्करोगाची जी प्रमाणित व्याख्या असते, तिच्यातून 'दोन'चा कार्सिनोमा वगळलेला आहे. म्हणून दावा करण्याआधी अहवाल आणि पॉलिसी शेजारी ठेवून वाचावी.

आणखी एक गफलत नेहमी होते. स्तनाचा कर्करोग यकृतात पोचला, की लोक 'लिव्हरचा कॅन्सर' म्हणतात. वर्गीकरणात तो स्तनाचाच, 'सी ५०'. यकृतातल्या पसाऱ्याला वेगळा 'सी ७८.७'. मूळचा यकृताचा असता तर 'सी २२' झाला असता. औषध मूळ जागेवरून ठरते, म्हणून हा फरक.

हे आकडे एकत्र केले की नोंदणी तयार होते. मुंबईत कर्करोग नोंदणी १९६३ साली सुरू झाली, ती देशातली पहिली. बार्शीला १९८७ साली पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. अशा नोंदणीत साधारणपणे वर्षभर त्या भागात राहणाराच रुग्ण धरतात. आपल्याकडे घरटी कोणीतरी मुंबईला असतो, आणि उपचारासाठी गेलेला माणूस सोयीसाठी त्याचाच पत्ता देतो. मग सावित्रीकाठचा रुग्ण मुंबईचा म्हणून मोजला जाण्याची शक्यता राहते. आपल्या तालुक्यात तोंडाचे किती, गर्भाशयमुखाचे किती, हे कळल्याशिवाय तपासणी शिबिरे कुठे भरवायची हे कसे ठरणार? फोन नंबर मुंबईच्या मुलाचा द्यावा, पण पत्ता आपल्या वाडीचाच लिहावा.