तेलाच्या दाबास हवेचा लगाम

रुईच्या गासड्या बांधणारे दाबयंत्र आपल्या अनेक सभासद बंधूंच्या परिचयाचे आहे. द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या अशा यंत्राचे पेटंट इ. स. १७९५ साली इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांनी घेतले. पुढे पाण्याच्या जागी तेल आले. तत्त्व मात्र तेच राहिले.

पंपाने लोटलेल्या तेलास वाट मिळाली नाही, तर दाब वाढत जाऊन नळी फुटण्याचे भय असते. म्हणून धरणास जसा सांडवा, तसा या यंत्रास रिलीफ व्हॉल्व्ह असतो. त्याचे तोंड स्प्रिंगने दाबून धरलेले असते. तेलाचा जोर स्प्रिंगहून अधिक झाला की ते उघडते व जादा तेल टाकीत परत जाते. दाब बदलावयाचा तर स्प्रिंगचा स्क्रू फिरवावा लागतो. पण तो असतो पंपापाशी आणि कारागीर उभा असतो यंत्रापाशी!

ही अडचण दाबलेल्या हवेने दूर होते. स्प्रिंगऐवजी व्हॉल्व्हवर हवेचा दट्ट्या बसवितात. दट्ट्याचे क्षेत्रफळ व्हॉल्व्हच्या तोंडाच्या ३० पट असेल, तर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाबाची हवा तेलाचा १५० किलो दाब तोलून धरते. हवा ४ किलोवर आणली की तेल १२० वर उतरते. कारागिरापाशी हवेचा एक नियामक व दाबमापक ठेवला आणि तेथून बारीक नळी नेली, म्हणजे काम झाले. त्याच्या हाताशी जोरकस तेलाची नळी येत नाही; आणि विजेच्या उपकरणाप्रमाणे ठिणगी पडण्याची भीती नसल्याने, जेथे रुईचे तंतू उडतात तेथे ही सोय विशेष मोलाची ठरते.

तथापि दोन गोष्टींत काटकसर करू नये. हवा बंद पडली तर तेलाचा दाबही उतरतो. म्हणून जेथे भार उचलून धरावयाचा असेल, तेथे तो रोखणारा स्वतंत्र व्हॉल्व्ह हवाच. दुसरे असे की, यंत्र बनविणाऱ्याने ठरविलेल्या मर्यादेवर बसविलेला स्प्रिंगचा सुरक्षा-व्हॉल्व्ह पंपापाशी वेगळा असावा व त्यावर मोहोर असावी. हंगामाच्या घाईत चार गासड्या अधिक निघाव्यात म्हणून ती मोहोर तोडण्याचा मोह होतो. पण तेथे पणास लागतो तो यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाचा जीव.

दाब कमीअधिक करण्याची कळ कारागिराच्या हाती खुशाल द्यावी. दाबाची कमाल मर्यादा मात्र कोणाच्याच हाती, मालकाच्याही, ठेवू नये.