पुठ्ठ्यावरचे ल्यूमेन आणि खाणीतला अंधार

ग्वाल्हेरच्या हजीऱ्यात सूफी संत मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्याच्या आवारात तानसेनाची साधी, उघड्यावरची कबर आहे. ग्वाल्हेर हे गवयांचं गाव कसं, हे सांगताना 'ऐन-ए-अकबरी'चा दाखला हमखास दिला जातो. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या या ग्रंथात ग्वाल्हेरच्या नामांकित गायकांची दखल आहे खरी. पण त्याच नोंदीत, त्यांच्या अगदी शेजारी, आणखी एक गोष्ट आहे आणि ती फारसं कुणी सांगत नाही: इथे लोखंडाची खाण आहे. गवयांची आठवण राहिली, खाण विस्मरणात गेली.

ती खाण म्हणजे एखादं भोक नव्हे. शहराबाहेर पार, सांतऊ या बाजूच्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या खनिज काढलं गेलं आणि कोळशाच्या गावठी भट्ट्यांत वितळवलं गेलं. इथल्या खडकांना भूशास्त्रज्ञांनी नावं दिली तीही स्थानिक गावांचीच, पार आणि मुरार. वय सुमारे दोनशे कोटी वर्षं. मुरारच्या थरांत तांबड्या जास्परचे आणि हेमटाइटचे पट्टे एकाआड एक येतात. पुढे जळाऊ लाकूड महागलं, बाहेरून आलेलं लोखंड स्वस्त पडू लागलं आणि गावठी भट्ट्या विझल्या. सांतऊ आज ग्वाल्हेरकरांना माहीत आहे ते शीतला मातेच्या देवळामुळे.

अशा जुन्या खाणींची ओढ असलेली मंडळी प्रत्येक शहरात असतात: भूशास्त्राचे विद्यार्थी, इतिहासवेडे, वटवाघळांचे अभ्यासक आणि नुसतेच हौशी. त्यांची पहिली खरेदी असते कपाळाला बांधायचा छोटा दिवा, म्हणजे हेडलॅम्प किंवा ट्रेकिंगवाल्यांच्या भाषेत हेडटॉर्च. या खरेदीइतके गैरसमज दुसऱ्या कुठल्या खरेदीत क्वचितच आढळतील, कारण विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही बहुधा खाण पाहिलेली नसते.

सगळ्यात ठसठशीत गैरसमज खोक्यावरच छापलेला असतो. 'ल्यूमेन जितके जास्त तितका दिवा चांगला.' ल्यूमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो कुठे पडतो, किती दूर जातो, किती वेळ टिकतो, यातलं काहीही हा आकडा सांगत नाही. तळहाताएवढ्या दिव्यावर 'पन्नास हजार ल्यूमेन' छापलेलं असेल तर ती सरळ थाप समजावी. एलईडी आणि तिचं सर्किट यांतून व्यवहारात एका वॉटला शंभराच्या आसपास ल्यूमेन मिळतात. म्हणजे पन्नास हजारांसाठी पाचशे वॉट लागतील आणि त्यातला बराचसा भाग उष्णता होऊन बाहेर पडेल. असा दिवा कपाळावर बांधणं सोडा, हातात धरणंही कठीण.

बरं, समजा आकडा खरा निघाला. तरी बोगद्यात त्याचं करायचं काय? जुन्या खाणीतली वाट पुष्कळदा माणूस वाकून जाईल एवढीच असते आणि भिंत हाताच्या अंतरावर असते. तीव्र झोत भिंतीवर आपटून डोळ्यांवर येतो, बाहुल्या आक्रसतात आणि झोताच्या कडेपलीकडचं सगळं काळं ठिक्कर होतं. हवेत धूळ किंवा दमट वाफ असेल तर आणखी वाईट. दाट धुक्यात गाडीचे दिवे अप्पर केल्यावर जी पांढरी भिंत समोर उभी राहते, तीच इथे नाकासमोर उभी राहते. चालण्यासाठी शंभर-दोनशे ल्यूमेनचा पसरट, मऊ कडांचा उजेड पुरतो. लांबचा झोत हवा तो एखाद्या उभ्या विहिरीत वाकून पाहण्यापुरता किंवा मोठ्या दालनाचं छत न्याहाळण्यापुरता. म्हणून दोन्ही प्रकारचे झोत देणारा दिवा घ्यावा. तो न मिळाला तर पसरट झोताचा.

लांबीच्या दाव्यांचंही एक गुपित आहे. टॉर्च मोजण्याचं अमेरिकी एफएल-१ हे मानक २००९ साली आलं. चांगल्या कंपन्या त्यानुसार आकडे देतात. त्यात झोताची लांबी मोजतात ती उजेड पाव लक्स उरेपर्यंत, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. खोक्यावर शंभर मीटर लिहिलंय याचा अर्थ शंभर मीटरवरचा खड्डा दिसेल असा नाही, तिथे चांदणं पडेल एवढाच. शिवाय झोत दुप्पट लांब न्यायचा तर तीव्रता चौपट लागते. बॅटरी त्याच हिशेबाने खाल्ली जाते.

आता बॅटरी. इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण खाणीत माणसाला अडकवणारी गोष्ट बहुधा हीच.

लहान हेडलॅम्पमध्ये हल्ली १८६५० जातीचा लिथियम सेल सर्रास असतो. नावातच माप आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. या आकारात चांगल्यातला चांगला सेल साधारण ३,५०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) देतो. बाजारात मात्र याच आकाराच्या सेलवर ९,९०० छापलेलं सर्रास दिसतं. एवढी क्षमता त्या डबीत मावतच नाही. आत काय भरलंय ते वेगळंच. खऱ्या सेलचा हिशेब कागदावर सहज होतो. साडेतीन अँपिअर-तास गुणिले ३.६ व्होल्ट म्हणजे साडेबारा वॉट-तास. दोनशे ल्यूमेनला दोन वॉट धरले तर सहा तासांचा उजेड. हे गणित ज्याला जमलं त्याला कुठल्याही जाहिरातीची भीती नको. 'एका चार्जिंगमध्ये ऐंशी तास' वाचलं की तो आधी विचारेल, कुठल्या उजेडावर?

उत्तर त्याच एफएल-१ मानकात आहे. त्यानुसार दिवा चालण्याचा वेळ मोजतात तो उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे चारशे ल्यूमेनचा दिवा चाळीसवर घसरला तरी कागदोपत्री तो 'चालू' असतो. स्वस्त दिव्यांत ही घसरण पहिल्या मिनिटापासून सुरू होते. चांगल्या दिव्यातलं सर्किट मध्यम उजेड तासन्‌तास एकसारखा ठेवतं आणि संपत आला की इशारा देतं. अशा दिव्याला 'रेग्युलेटेड' म्हणतात. खरेदी करताना विचारायचा पहिला प्रश्न हाच असावा. दुकानदाराला तो कळला नाही तर दुकान बदलावं.

खाणकामगारांचा दिवा कसा घडला हे पाहिलं तर हीच गोष्ट दिसते. भंडारा जिल्ह्यातल्या चिखल्याच्या भूमिगत मँगनीज खाणीत किंवा चंद्रपूरच्या कोळसा खाणीत उतरणाऱ्या माणसाचा कॅप लॅम्प डोळे दिपवण्यासाठी बनवलेलाच नाही. त्याची पहिली अट, पाळी संपेपर्यंत टिकला पाहिजे. १९५२ च्या खाण कायद्याने जमिनीखालच्या कामाला दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. दिवा त्याहून जास्त चालायला हवा. पट्ट्याला जड बॅटरी, पाठीवरून वर गेलेली वायर, शिरस्त्राणावर दिवा, अशी ही जोडणी पिढ्यान्‌पिढ्या चालली. हौशी माणूस मात्र ज्या दिव्याच्या आकड्यावर भाळतो तो पूर्ण झोतावर तासभर चालला तरी पुष्कळ.

'वॉटरप्रूफ' हा शब्दही असाच फसवा. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे उडाले तर चालेल. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. मधल्या 'एक्स'चा अर्थ 'धुळीची चाचणी केलेली नाही' असा होतो आणि लोखंडाच्या खाणीत पाण्याइतकीच धूळ छळते. लाल, बारीक, कुठल्याही फटीत शिरणारी. त्यामुळे इथे आयपी ६७ असं दोन्ही अंक असलेलं चिन्ह शोधावं. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण सैल असेल तर मात्र त्या चिन्हाचा काहीच उपयोग नाही.

रंगाबद्दल कुणी बोलतच नाही, आणि ग्वाल्हेरच्या खडकांत तर रंग हाच मुद्दा आहे. एलईडी किती खरे रंग दाखवते त्याला सीआरआय हा मापांक आहे. शंभर म्हणजे उत्तम. जास्त ल्यूमेन काढण्यासाठी कंपन्या सत्तरच्या आसपासची निळसर पांढरी एलईडी वापरतात. तिच्यात गडद लाल जवळजवळ नसतोच. मग जास्पर आणि हेमटाइटचे पट्टे एकसारखे मळकट दिसतात, ओली माती आणि कोरडा दगड यांतला फरकही पुसट होतो. नव्वदच्या पुढच्या सीआरआयची, किंचित पिवळसर एलईडी थोडे ल्यूमेन कमी देते आणि खडक मात्र खडकासारखा दाखवते. लाल दिव्याच्या सोयीबद्दलही एक भाबडी समजूत आहे. वटवाघळांना तो कमी त्रासदायक, नकाशा वाचताना अंधाराला सरावलेली नजर टिकते, हे खरं. पण लाल खनिजाच्या बोगद्यात लाल उजेडात चालणं म्हणजे पायाखालचं काहीच न ओळखणं.

कपाळावरचा दिवा असला की हात मोकळे राहतात आणि नजर जाते तिथे उजेड जातो. तेव्हा आणखी टॉर्च कशाला, असं वाटणं साहजिक आहे. गोम अशी, की दिवा डोळ्यांच्या अगदी वर असतो, म्हणून सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि जमीन सपाट भासते. जुन्या खाणीत तळाला खाली उतरलेली उभी भोकं असतात, काही कुजलेल्या फळ्यांनी झाकलेली, काही नितळ पाण्याने काठोकाठ भरलेली. नेमकी तीच या उजेडात फसवतात. हातातली टॉर्च कंबरेखाली, आडवी धरली की प्रत्येक खळगा सावली टाकतो आणि लगेच दिसतो. गुहांत फिरणाऱ्यांचा जुना नियम माणशी तीन स्वतंत्र दिव्यांचा आहे. जादा बॅटरी म्हणजे जादा दिवा नव्हे. गडद अंधारात सेल बदलतानाही दुसरा उजेड लागतोच. मोबाइल या तिन्हींत मोजू नये. तो एक हात अडवतो, आणि बाहेर आल्यावर मदत मागायला त्याचीच बॅटरी लागते.

इथवरच्या बहुतेक गैरसमजांनी पैसे जातात, फार तर वाट चुकते. पुढचा जीव घेतो.

'दिवा जळतोय म्हणजे हवा ठीक आहे.' ही समजूत ज्योतीच्या काळातली. विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहायची रीत आपल्याकडे आजही काही गावांत आहे. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तो १६-१७ टक्क्यांवर आला की ज्योत विझते आणि माणसाला इशारा मिळतो. एलईडीला प्राणवायू लागतच नाही. माणूस बेशुद्ध पडला तरी ती शांतपणे जळत राहते. बंद पडलेल्या खाणीत कुजणारं लाकूड आणि काही खनिजांचं गंजणं प्राणवायू खातं, आणि जड कार्बन डायऑक्साइड सखल भागात साचतो. कंदीलही पूर्ण भरवशाचा नाही. कार्बन मोनॉक्साइड जीवघेण्या प्रमाणात असला तरी ज्योत व्यवस्थित तेवते. म्हणून हवा तपासायची ती प्राणवायू आणि विषारी वायू मोजणाऱ्या यंत्राने. ते परवडत नसेल तर खाणीच्या तोंडापाशीच थांबावं, यात कमीपणा नाही.

याच्या उलट दुसरी समजूत: 'एलईडीला ज्योत नाही, मग स्फोट कसा होईल?' कोळसा खाणीत मिथेन असतो. हवेत तो पाच ते पंधरा टक्के झाला की ठिणगीची वाट पाहतो. इंग्लंडमध्ये फेलिंगच्या खाणीत २५ मे १८१२ रोजी झालेल्या स्फोटात ९२ जण गेले. त्यानंतर १८१५ मध्ये हम्फ्री डेव्हीने जाळीचा सुरक्षित दिवा केला. गंमत म्हणावी की शोकांतिका, पण दिवा आला म्हणून मृत्यू लगेच घटले नाहीत. आता दिवा आहे, या भरवशावर मालकांनी आधी धोकादायक म्हणून सोडलेले थर पुन्हा उघडले. आजच्या साध्या हेडलॅम्पचा स्विच, चार्जिंगची जोडणी, आपटून बिघडलेला सेल, यांतलं काहीही ठिणगी देऊ शकतं. भारतात कोळसा खाणीत वापरायच्या दिव्यांना धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची मान्यता लागते ती याचसाठी. ट्रेकिंगच्या दुकानातल्या दिव्याला ती नसते, त्याची किंमत कितीही असो. ग्वाल्हेरच्या लोखंडाच्या खाणींत मिथेनची धास्ती कोळशाइतकी नाही. पण इथला अनुभव घेऊन कुणी चंद्रपूर किंवा वरोऱ्याकडच्या जुन्या कोळसा खाणीत तोच दिवा लावून शिरू नये.

'सोडून दिलेली खाण म्हणजे बेवारशी जागा' ही समजूतही इथेच निकालात काढलेली बरी. जमीन वनखात्याची असेल, महसुलाची असेल, कुणाच्या खाणपट्ट्यात असेल. परवानगी विचारूनच पाऊल टाकावं. बाहेर कुणाला तरी ठिकाण आणि परतीची वेळ सांगून ठेवावी.

खर्चाचा हिशेब उरतो. एक भारी हेडलॅम्प घेऊन बाकी गोष्टींवर काटकसर करणं ही सगळ्यात वाईट खरेदी. त्याच पैशात दोनशे-तीनशे ल्यूमेनचे, रेग्युलेटेड, आयपी ६७ चे दोन साधे दिवे, एक हातातली टॉर्च आणि हनुवटीला पट्टा असलेलं शिरस्त्राण बसत असेल तर तेच घ्यावं. आणि खाणीकडे निघण्याआधी घरात सगळे दिवे घालवून, घड्याळ लावून, नवा हेडलॅम्प मधल्या उजेडावर किती तास टिकतो ते एकदा स्वतः मोजून पाहावं.