संपाच्या बदल्यात लवाद

६ जुलै २०१२. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यात स्क्रँटन नावाचं शहर आहे. त्या दिवशी शहराच्या सुमारे चारशे कर्मचाऱ्यांच्या हातात पगार पडला तो तासाला ७.२५ डॉलरच्या हिशेबाने. हा तिथला किमान वेतनाचा दर, म्हणजे बर्गरच्या दुकानात काउंटरवर उभ्या राहणाऱ्या पोराला कायद्याने द्यावाच लागतो तेवढा. चोवीस तासांची पाळी संपवून घरी निघालेल्या फायरमनचे या दराने १७४ डॉलर होतात. काउंटीच्या न्यायालयाने कपातीला मनाई केली होती, तरी पगार कापूनच निघाले. महापौर ख्रिस डोहर्टी यांचं म्हणणं एकच होतं, तिजोरीत पैसे नाहीत. स्वतःचा पगारही त्यांनी त्याच दरावर आणला होता.

आपल्याकडे स्क्रँटन ओळखीचं आहे ते जो बायडेन यांचं जन्मगाव म्हणून, नाहीतर ‘द ऑफिस’ मालिकेमुळे. पण कामगार कायद्याच्या वर्तुळात या शहराचं नाव निघतं ते अग्निशमन जवानांच्या युनियनशी, लोकल ६० शी, जवळजवळ दहा वर्षं चाललेल्या भांडणामुळे. हे भांडण लवादापुढे गेलं, तिथून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि त्याचं बिल फुगत राहिलं. युनियनने लवादाच्या आडून शहर लुटलं, असा निष्कर्ष काढणाऱ्यांची तेव्हा कमतरता नव्हती. त्या निष्कर्षामागे जे गैरसमज आहेत, त्यांतले काही आपल्याकडेही सहज बोलले जातात.

गैरसमज: जवानांकडे संपाचं हत्यार आहेच, वर लवादही मिळाला.

पेनसिल्वेनियात शाळेतले शिक्षक संप करू शकतात. कचरा उचलणारे कर्मचारीही काही अटी पाळून संप करू शकतात, कारण १९७० च्या कायद्याने त्यांना तो हक्क दिला. पोलीस आणि अग्निशमन जवान मात्र करू शकत नाहीत. त्यांच्यासाठी दोन वर्षं आधी, जून १९६८ मध्ये, वेगळा कायदा झाला होता. तिथे तो ‘अ‍ॅक्ट १११’ याच नावाने ओळखला जातो. तो करण्याआधी राज्यघटनेत दुरुस्ती लागली आणि नोव्हेंबर १९६७ मध्ये मतदारांनी ती मंजूर केली. सौदा सरळ होता: तुम्ही संपावर जायचं नाही आणि त्याबदल्यात बोलणी फिसकटली तर त्रयस्थाचा निवाडा दोन्ही बाजूंवर बंधनकारक राहील.

हा सौदा का करावा लागला हे समजायला १९१९ पर्यंत मागे जावं लागतं. बॉस्टनचे पोलीस त्या सप्टेंबरात संपावर गेले, शहरात लुटालूट झाली, गव्हर्नर कॅल्विन कूलिज यांनी कडक भूमिका घेतली आणि संपकऱ्यांना कायमचं घरी बसवण्यात आलं. त्यानंतर कित्येक दशकं पोलीस आणि फायरमन यांनी युनियन करावी की नाही, इथूनच वाद होता. १९३५ च्या राष्ट्रीय कामगार कायद्याने खासगी कारखान्यांतल्या कामगारांना सामूहिक वाटाघाटींचा हक्क दिला, पण राज्यांच्या आणि महापालिकांच्या नोकरांना त्यातून सरळ वगळलं. त्यामुळे आजही अमेरिकेत याबाबत सगळीकडे लागू असा एक नियम नाही. नॉर्थ कॅरोलायनात महापालिकेने युनियनशी करार करण्यालाच बंदी आहे. मिशिगनने १९६९ मध्ये सक्तीचा लवाद आणला, न्यूयॉर्कने १९७४ मध्ये. इलिनॉयमध्ये अशी तरतूद नव्हती, तेव्हा १९८० च्या फेब्रुवारीत शिकागोचे जवान २३ दिवस संपावर होते. थंडीत घरं जळत होती आणि ठाण्याबाहेर पिकेटिंग चालू होतं. इलिनॉयने लवाद आणला तो १९८६ मध्ये. शिकागोचे ते दिवस पाहिलेल्या माणसाला लवाद ही युनियनला दिलेली बक्षिसी वाटणार नाही.

गैरसमज: लवाद म्हणजे सरकारने नेमलेला कुणी न्यायाधीश.

अ‍ॅक्ट १११ मध्ये तीन जणांचं मंडळ असतं. एक शहर निवडतं, एक युनियन. हे दोघे नावाला लवाद, प्रत्यक्षात आपापल्या बाजूचे वकीलच. खरी खुर्ची तिसऱ्याची. या दोघांचं तिसऱ्या नावावर एकमत झालं नाही तर अमेरिकन आर्बिट्रेशन असोसिएशनकडून तीन नावांची यादी येते. आधी शहराने एक नाव खोडायचं, मग युनियनने एक. जे उरतं ते अध्यक्ष. पहिली फुली शहराची असल्यामुळे उरलेल्या दोघांतून शेवटची निवड युनियनकडे जाते. बारीकशी गोष्ट, पण या धंद्यातली माणसं ती विसरत नाहीत.

निर्णय बहुमताने, म्हणजे अध्यक्षांना फक्त एक सही मिळवायची असते. म्हणून खरी घासाघीस जाहीर सुनावणीत होत नाही, बंद दाराआड होते. अध्यक्ष मसुदा पुढे करतात, युनियनचा माणूस म्हणतो सुट्ट्यांचं कलम सोडतो पण आरोग्यविम्याचं नाही, शहराचा माणूस म्हणतो दोन टक्क्यांच्या वर गेलात तर मी सही करणार नाही. ज्याची सही मिळाली नाही तो असहमतीची नोंद जोडतो. पुढे हीच नोंद नगरपरिषदेत दाखवायला कामी येते: बघा, मी भांडलो होतो. खर्चाचीही वाटणी ठरलेली आहे. युनियन फक्त आपल्या लवादाचे पैसे देते, बाकीच्या दोघांचे शहराने द्यायचे.

गैरसमज: दोघांचे आकडे घ्यायचे आणि मधोमध कापायचे, एवढंच लवाद करतो.

ही तक्रार अगदीच खोटी नाही. निवाडा मधोमध येणार अशी खात्री असेल तर दोन्ही बाजू टोकाची मागणी धरून बसतात आणि वाटाघाटींचं मातेरं होतं. त्यावर मिशिगनने तोडगा काढला. तिथे आर्थिक मुद्द्यांवर लवादाने दोन्ही बाजूंच्या शेवटच्या प्रस्तावांपैकी एक जसाच्या तसा उचलायचा, मधला आकडा काढायचा नाही. अवाच्या सवा मागाल तर समोरच्याचा प्रस्ताव पास होईल, ही भीती दोघांनाही जमिनीवर ठेवते. पेनसिल्वेनियात हे बंधन नाही, तिथे लवादाला कलम न् कलम स्वतः लिहिण्याची मोकळीक आहे.

गैरसमज: सगळं भांडण पगारवाढीचं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण बाहेरच्याला न दिसणारा मुद्दा हाच आहे. वेतन आयोग आणि महागाई भत्त्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला करार म्हटलं की टक्केवारी आठवते. फायरमनच्या करारात एक कलम त्याहून जास्त पेटतं: एका पाळीत, एका गाडीवर, कमीत कमी किती माणसं.

अमेरिकेत जळत्या इमारतीत शिरण्याचा एक पक्का संकेत आहे, ‘दोन आत, दोन बाहेर’. धुरात कुणी एकट्याने जायचं नाही, जोडीनेच जायचं. आणि आतली जोडी अडकली तर तिला काढायला तशीच सज्ज जोडी दाराशी उभी हवी. आतून कुणाचा जीव वाचवायचा असेल तर हा संकेत बाजूला ठेवता येतो, एरवी नाही. आता हिशेब करा. गाडीवर चार माणसं असतील तर पोचल्या पोचल्या काम सुरू होतं. तीनच असतील तर दुसरी गाडी येईपर्यंत बाहेरून पाणी मारत थांबायचं. धूर जिन्यातून वर चढत असतो आणि आत जायची सोय नसते. म्हणून एका गाडीवर चार माणसं हा आकडा तिथल्या अग्निशमन मानकातही आहे.

शहराच्या हिशेबनिसाला याच आकड्यात दुसरी गोष्ट दिसते. किमान संख्या करारात लिहिली की कुणी आजारी पडला, कुणी रजेवर गेला, तर त्या जागी ओव्हरटाइमवर माणूस बोलवावाच लागतो. जवान कमी करायचे तर कलमच आडवं येतं. स्क्रँटनच्या २००२ च्या आर्थिक सुधारणा आराखड्यात पगाराला लगाम होता तसाच मनुष्यबळाचे निर्णय शहराच्या हातात परत आणण्याचा आग्रहही होता. दोन्ही बाजू सुरक्षिततेचं नाव घेतात आणि दोघांच्याही मनात पैसा असतो, पण म्हणून सुरक्षितता खोटी ठरत नाही. माझ्या मते या कलमाच्या बाजूने युनियन जेवढी ठाम असते तेवढी पगाराच्या टक्क्यासाठी नसती तर लोकांची सहानुभूती तिला जास्त मिळाली असती.

गैरसमज: तिजोरी रिकामी असली की निवाडा आपोआप रद्द.

नाही. स्क्रँटनची गंमत आणि शोकांतिका दोन्ही इथेच आहेत.

हे दगडी कोळशाचं शहर. १९३० मध्ये लोकसंख्या १ लाख ४३ हजार होती, २०१० मध्ये ७६ हजार. कोळसा गेला, माणसं गेली, रस्ते आणि पेन्शनची देणी तेवढीच राहिली. आर्थिक संकटातल्या नगरपालिकांसाठी पेनसिल्वेनियाने १९८७ मध्ये ‘अ‍ॅक्ट ४७’ केला होता. १९९२ मध्ये स्क्रँटन त्या यादीत गेलं. या कायद्याप्रमाणे शहरासाठी सुधारणा आराखडा बनतो आणि नवे कामगार करार त्याच्या चौकटीत बसावे लागतात.

पोलीस आणि जवान यांचे करार २००२ अखेर संपले. बोलणी फिसकटली, प्रकरण लवादाकडे गेलं, आणि निवाडे आले ते आराखड्याच्या मर्यादा ओलांडून. शहर न्यायालयात गेलं. आता अ‍ॅक्ट १११ च्या निवाड्यावर अपील असं नसतंच जवळपास. लवादाला अधिकार होता का, सुनावणी रीतसर झाली का, त्याने अधिकाराबाहेर काही केलं का, घटनात्मक हक्क डावलले का, एवढंच न्यायालय बघतं. निवाडा चूक आहे, महाग आहे, शहराला पेलणार नाही, हे मुद्दे तिथे चालत नाहीत. शहराची सगळी भिस्त त्यामुळे एकाच युक्तिवादावर होती: आराखड्याबाहेर जाण्याचा अधिकारच लवादाला नव्हता.

खालच्या अपील न्यायालयाने ते मानलं. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मानलं नाही. अ‍ॅक्ट ४७ मध्ये कामगार करार आणि लवादातली ‘तडजोड’ आराखड्याला धरून हवी असं लिहिलं होतं. लवादाचा ‘निवाडा’ त्यात लिहिलेला नव्हता. कायदा करणाऱ्यांना निवाडाही म्हणायचा असता तर त्यांनी तसं लिहिलं असतं, असं न्यायालयाने ठरवलं. शहर हरलं. इतक्या वर्षांची थकबाकी, पोलीस आणि जवान दोघांची मिळून, व्याजासकट सुमारे ३ कोटी डॉलरच्या घरात गेली.

मूळ निवाडा शहराला जड होता हे खरंच. पण तो दरवर्षी थोडा थोडा भरला असता तर सोसावा लागला असता, एवढंच. न भरता, जिंकू या आशेवर, वर्षानुवर्षं कोर्टात लढत राहिल्याने त्याचा डोंगर झाला. राज्याने त्या शब्दाची मोकळी जागा वेळीच बुजवली असती तर हा खटला इतका लांबला नसता. दोष वाटायचाच असेल तर फक्त युनियनच्या पदरात टाकून चालणार नाही.

गैरसमज: २०१२ मध्ये पगार किमान वेतनावर आले ते या निवाड्यामुळे.

थकबाकीचं ओझं मागे होतंच, पण त्या जुलैतला पेच वेगळा होता. मुंबई-पुण्याच्या वाचकाने इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्याकडे महापौर सभागृहाचा मानकरी आणि कारभार आयुक्तांच्या हाती. स्क्रँटनमध्ये महापौर हाच कारभारी, पण पैशाच्या नाड्या नगरपरिषदेकडे. महापौरांना मालमत्ता कर तीन वर्षांत ७८ टक्के वाढवायचा होता, परिषदेला तो मान्य नव्हता. त्यातच शहराने हमी दिलेल्या पार्किंग प्राधिकरणाच्या रोख्यांचा हप्ता परिषदेने भरू दिला नाही. शहराने हमी मोडली म्हटल्यावर बँकांनी हात आखडता घेतला. राजकीय खडाखडीत कर्ज बंद झालं आणि कपात जवानांच्या पगारावर आली. जवान, पोलीस आणि सार्वजनिक बांधकाम विभाग अशा तिन्ही युनियन न्यायालयात गेल्या. काही आठवड्यांत महापौर आणि परिषदेचं जमलं, पगार पूर्ववत झाले आणि कापलेले पैसेही परत मिळाले.

आणि एक: परवडतं की नाही हे लवाद बघतच नाही.

राज्यावर अवलंबून आहे. अ‍ॅक्ट १११ मध्ये लवादाने काय काय विचारात घ्यावं याची यादीच नाही. मिशिगनने २०११ मध्ये कायदा बदलून शहराच्या आर्थिक कुवतीला सगळ्यात जास्त वजन द्यायला सांगितलं. न्यू जर्सीने त्याच वर्षापासून लवादाच्या वाढीवर वर्षाला २ टक्क्यांची मर्यादा घातली, ती २०१७ अखेर संपली. आपल्याकडे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी १९६६ पासून संयुक्त सल्लागार यंत्रणा आहे. त्यातही पगार-भत्ते, कामाचे तास आणि रजा यांपुरता सक्तीचा लवाद आहे, मात्र त्याचा निवाडा संसदेच्या मार्गाने बदलण्याची वाट सरकारने मोकळी ठेवली आहे. स्क्रँटनच्या महापौरांकडे तशी वाट नव्हती.

पेनसिल्वेनियाच्या विधिमंडळाने जाग आल्यावर अ‍ॅक्ट ४७ दुरुस्त केला आणि लवादाचे निवाडेही सुधारणा आराखड्याच्या चौकटीत आणले. ही दुरुस्ती झाली जुलै २०१२ मध्ये, किमान वेतनाचे पगार निघाले त्याच महिन्यात. जुन्या निवाड्यांना तिचा उपयोग नव्हता, ते पैसे शहराला द्यावेच लागले. २०१६ च्या शेवटी स्क्रँटनची सांडपाण्याची यंत्रणा १९.५ कोटी डॉलरला एका खासगी पाणी कंपनीला विकली गेली. शहराच्या वाट्याला आलेल्या पैशातून महागडी कर्जं फिटली, पेन्शन फंडात भर पडली. संकटग्रस्त शहरांच्या यादीतून नाव निघालं ते जानेवारी २०२२ मध्ये, तीस वर्षांनी. यादीतून बाहेर पडल्यामुळे आराखड्याची चौकटही गेली. लोकल ६० चा पुढचा करार अडला तर तो पुन्हा तीन लवादांपुढेच जाईल आणि पहिलं नाव शहरच खोडेल.