वापसा येईपर्यंत
2023च्या मार्चमध्ये, पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात, मराठवाड्यात अवकाळी आला. आमच्या वडीगोद्रीतल्या परसात तेव्हा नुकती भेंडी उगवली होती. गवार दोन पानांवर होती, वेलांचं बी पेरलेलं होतं. दोन दिवसांत वाफ्यांची डबकी झाली.

आमची काळी माती पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात तेच तिचं देणं. पण पाणी तुंबलं की मातीतली हवा निघून जाते, मुळं गुदमरतात, पानं पिवळी पडतात. रोपं मलूल दिसली म्हणून मी खुरपं घेऊन धावले, ती चूक झाली. ओल्या काळ्या मातीत पाय पडला की ती दबते आणि वाळल्यावर विटेसारखी होते. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, “वापसा येऊ दे गं.” मूठभर माती दाबावी, गोळा बोटाच्या धक्क्याने फुटला, हाताला चिकटला नाही, की वापसा आला.

भेंडी बुडातून कुजून आडवी पडली होती. तो मर रोग, ओलीतल्या बुरशीचा. पुन्हा पेरताना बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळला, ही मित्रबुरशी कुजवणाऱ्या बुरशीला रोखते. सपाट वाफे मोडून वीतभर उंचीचे गादीवाफे केले, मधून चर काढून पाणी चिंचेकडे वळवलं.

गवार मात्र सावरली. चैत्र सरताना पहिल्या शेंगा तोडल्या, दाण्याचं कूट घालून केल्या, आणि पहिली वाटी सासूबाईंच्या ताटात वाढली.