१२ तासांचा थांबा, हातात मात्र ५ तास! क्वालालंपूरचा हिशेब असा मांडा

मुंबईहून बाली किंवा व्हिएतनामचं स्वस्त तिकीट शोधताना ॲपवर एक ओळ हमखास दिसते, 'क्वालालंपूर, थांबा १२ तास'. तिकीट थेट विमानापेक्षा स्वस्त, वर एक देश फुकटात पाहायला मिळणार! पाठीवर बॅग टाकून फिरणाऱ्यांना आणखी काय हवं?

मीही असाच विचार करून तिकीट काढलं होतं. शहर आवडलं, पण पुढचं विमान अवघ्या २ मिनिटांनी वाचलं. नेमकं काय चुकलं आणि १२ तासांचा खरा हिशेब कसा असतो, ते समजून घेऊया.

तिकीट एक की दोन?

सगळ्यात आधी हे तपासा. दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर, म्हणजे एकाच पीएनआरवर असतील, तर पहिलं विमान उशिरा आल्यास तुम्हाला पुढे पोहोचवण्याची जबाबदारी सहसा विमान कंपनी घेते. बॅगही अनेकदा थेट शेवटच्या मुक्कामी जाते.

स्वस्तातल्या प्रवासात मात्र बहुतेक वेळा दोन वेगळी तिकिटं असतात. अशा वेळी दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही क्वालालंपूरहून निघणारे नवे प्रवासी असता. पहिलं विमान लेट झालं किंवा तुम्ही शहरात अडकलात, तर दुसरं तिकीट बुडालं. चेक-इन केलेली बॅगही स्वतः घेऊन पुन्हा जमा करावी लागते. त्यासाठी इमिग्रेशन पार करून मलेशियात प्रवेश करावाच लागतो, शहर पाहायचं असो वा नसो.

व्हिसा लागतो का?

भारतीय पासपोर्टधारकांना १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसाविना राहता येतं. ही सवलत सध्या ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. प्रवास त्यानंतरचा असेल, तर तिकीट काढण्याआधी नियम पुन्हा तपासा. पासपोर्टची मुदत किमान ६ महिने शिल्लक हवी.

व्हिसा नसला तरी डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. पोहोचण्याच्या आधीच्या ३ दिवसांत मलेशियाच्या इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर ते मोफत भरता येतं. पैसे मागणारी साइट उघडली असेल, तर ती बंद करा.

१२ चे ५ कसे होतात?

समजा, विमान सकाळी ७.३० ला उतरलं आणि पुढचं संध्याकाळी ७.३० ला आहे. क्वालालंपूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे असतं आणि तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात, हे आधी डोक्यात पक्कं करा.

विमानातून उतरणं, इमिग्रेशनची रांग, बॅग घेणं यासाठी दीड तास धरा. वाजले ९. विमानतळ शहरापासून ५० किलोमीटरहून दूर आहे. एक्स्प्रेस रेल्वे टर्मिनल १ पासून 'केएल सेंट्रल' या मुख्य स्थानकात २८ मिनिटांत पोहोचवते. गाडीची वाट पाहणं धरून ४५ मिनिटं. वाजले ९.४५.

आता उलटी मोजणी. आंतरराष्ट्रीय विमानासाठी ३ तास आधी, म्हणजे ४.३० ला विमानतळावर हवं. त्यासाठी ३.४५ ला केएल सेंट्रल सोडायचं. उरले ६ तास. त्यातला १ तास पाऊस, गर्दी आणि चुकण्यासाठी राखून ठेवा. हातात राहिले ५ तास.

म्हणजे थांबा ८ तासांचा असेल, तर शहरात मिळतो जेमतेम एक तास. त्यापेक्षा विमानतळावर झोप काढलेली बरी.

५ तासांत काय पाहायचं?

यादी करून शहरभर धावण्यापेक्षा एकच मेट्रो लाइन धरा. केलाना जया ही एलआरटीची लाइन चालकाविना धावते, तीही १९९८ पासून. केएल सेंट्रलच्या लॉकरमध्ये बॅग ठेवायची आणि हीच लाइन पकडायची.

पहिला टप्पा केएलसीसी. स्थानकातून बाहेर पडलात की समोर पेट्रोनास टॉवर्स. उंची ४५२ मीटर, मजले ८८. १९९८ ते २००४ या काळात जगातल्या सर्वांत उंच इमारती याच होत्या. दोन मनोऱ्यांना जोडणारा पूल ४१व्या-४२व्या मजल्यावर आहे. वर जाण्याची तिकिटं ठरावीक वेळेची असतात आणि सोमवारी प्रवेश बंद असतो. थोडाच वेळ असेल, तर मागच्या बागेतून फुकटात दिसणारं दृश्यही पुरेसं आहे.

परतीच्या दिशेने मस्जिद जामेक स्थानकावर उतरा. इथे क्लांग आणि गोम्बाक या दोन नद्या भेटतात. 'क्वालालंपूर' या नावाचा अर्थच 'चिखलाचा संगम'. १८५७ मध्ये कथिलाच्या शोधात आलेल्या खाणकामगारांनी याच भागात वस्ती केली आणि त्यातून हे शहर उभं राहिलं. संगमाच्या टोकावर १९०९ मध्ये बांधलेली मशीद आहे आणि मागे काचेच्या उंच इमारती. माझ्यासाठी या शहराचा सगळ्यात लक्षात राहिलेला कोपरा हाच.

नदीकाठाने दहाएक मिनिटं चाललं की सेंट्रल मार्केट. १८८८ मध्ये सुरू झालेली ही मंडई साधारण आपल्या पुण्याच्या मंडईच्याच वयाची आहे. आता तिथे हस्तकलेची दुकानं आहेत. शेजारीच पेटालिंग स्ट्रीटचा चिनी बाजार आणि १८७३ मध्ये स्थापन झालेलं श्री महामरिअम्मन मंदिर. इथल्या पसार सेनी स्थानकापासून केएल सेंट्रल फक्त एक स्टॉप.

बाटू केव्हज, म्हणजे २७२ पायऱ्यांचं मुरुगन मंदिर, मनात असेल, तर बाकी सगळं सोडा. ते शहराच्या उत्तरेला आहे. ५ तासांत दोन्ही जमवायला गेलात, की राखीव तास संपलाच.

खायचं काय?

'मामाक' म्हणजे तमिळ मुस्लिमांची उपाहारगृहं, यातली अनेक २४ तास उघडी असतात. तिथे पराठ्यासारखी रोटी चनाई, सोबत डाळ किंवा करी आणि वरून ओतून फेसाळवलेला तेह तारिक हा दुधाचा चहा मिळतो. शाकाहारी असाल तर विचारून घ्या, कारण नासी लेमाक या भातावर सुकी मासळी असते आणि सांबल चटणीत बहुधा कोळंबीची पेस्ट. खात्रीचं शाकाहारी जेवण हवं असेल, तर केएल सेंट्रलच्या शेजारचा ब्रिकफिल्ड्स हा 'लिटल इंडिया' भाग सोयीचा. केळीच्या पानावरचा भात मिळतो.

माझं काय चुकलं?

दुपारी सेंट्रल मार्केटमध्ये असताना पाऊस कोसळला. विषुववृत्ताजवळच्या या शहरात दुपारनंतरचा असा पाऊस नेहमीचाच. 'थांबेल, मग निघू' म्हणत मी केएल सेंट्रलला पोहोचलो तेव्हा ५.१० झाले होते. ३.४५ ची वेळ केव्हाच टळली होती.

दुसरी चूक त्याहून मोठी. ५.३० ची गाडी पकडली आणि टर्मिनल १ वर उतरलो. सकाळी तिथेच उतरलो होतो ना! बोर्डिंग पासवर मात्र 'टी २' लिहिलं होतं. शहरातून येणारी गाडी आधी टर्मिनल १ ला थांबते आणि तिथून पुढे ३ मिनिटांत टर्मिनल २ ला जाते. ती ३ मिनिटं बसून राहिलो असतो, तर काहीच बिघडलं नसतं. आता पुढच्या गाडीची वाट पाहणं आलं.

बजेट विमान कंपन्यांचे बॅगेचे काउंटर साधारणपणे उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतात. माझी बॅग ९ किलोची, केबिनची मर्यादा ७. टर्मिनल २ च्या स्थानकातून मॉलमधून धावत काउंटरवर पोहोचलो तेव्हा ६.२८ झाले होते. काउंटर ६.३० ला बंद होणार होता. माझ्या मागे आलेल्या जोडप्याला मात्र परत पाठवण्यात आलं. त्यांची चूक माझ्याइतकीच होती, फक्त ते काही मिनिटं नंतर आले होते.

निघण्याआधी हे करा

- दोन्ही विमानांची टर्मिनल्स तपासा आणि बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा.
- शहर सोडण्याच्या वेळेचा अलार्म लावा, स्थानिक वेळेनुसार.
- रेल्वेचं एकेरी भाडं ५५ रिंगिट आहे. बस बरीच स्वस्त, पण तासभर लागतो आणि ट्रॅफिकचा भरवसा नाही. जाताना बस चालेल, परतताना रेल्वेच घ्या.
- चार्जरसाठी चौकोनी ३ पिनांचा ॲडॉप्टर आणि बॅगेत छत्री ठेवा.
- शक्य असेल तर बॅग ७ किलोच्या आत बसवा. काउंटरची रांगच टळते.

क्वालालंपूर ५ तासांतही पाहण्यासारखं आहे. फक्त तिकिटावरच्या १२ तासांवर विसंबू नका आणि राखून ठेवलेला तो एक तास मोह झाला तरी खर्चू नका.