डब्यावरची बारीक अक्षरे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कविता लिहिणाऱ्या माणसाने इंजिन ऑइलवर बोलायचे, हे ऐकून पहिले हसू आमच्या घरातच फुटले. बी.ए.ला मराठी घेतलेला मी माणूस. यंत्राशी माझा संबंध लोकलमधला अडकलेला पंखा कंगव्याने ढकलण्यापुरता. पण ठेच लागली की माणूस खाली बघून चालायला शिकतो. माझी ठेच ठाकुर्लीच्या पुलावर लागली.

२०२०च्या टाळेबंदीत गॅरेजे बंद होती. मोटरसायकलचे ऑइल बदलायची वेळ उलटून गेली होती. सोबत आलेले पुस्तक काढले, पाना आणला आणि सोसायटीच्या आवारात बसून ते काम मी स्वतः केले. जमले. जमले म्हणून पुढेही करत राहिलो. एकदा वाटले, आपली गाडी आता जुनी झाली, तिला जरा चांगलेचुंगले घालावे. दुकानात सर्वांत महाग दिसणारा ‘फुल्ली सिंथेटिक’ लिहिलेला डबा उचलला. आठ-दहा दिवसांनी पत्नीला मागे बसवून पूल चढत होतो. इंजिन ओरडत होते आणि गाडी मात्र पुढे सरकेना. मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवू लागले. पत्नीने शांतपणे विचारले, “उतरू का?”

मेकॅनिकने रिकामा डबा आणायला सांगितला. तो फिरवून पाहिला आणि म्हणाला, “काका, ऑइल एक नंबर आहे. फक्त मोटारकारचं आहे.” क्लच प्लेट बदलाव्या लागल्या. मजुरीचे दीडशे रुपये वाचवायला गेलो होतो, त्याच्या कितीतरी पट घालवून परत आलो. दुकानदाराचा त्यात दोष नव्हता. डब्यावर सगळे लिहिलेले होते. मी फक्त मोठी अक्षरे वाचली होती.

तेव्हा आज बारीक अक्षरांविषयी बोलू.

आधी हे ‘सिंथेटिक’ म्हणजे काय? कोणत्याही इंजिन ऑइलमध्ये दोन गोष्टी असतात. एक मूळ तेल, ज्याला बेस ऑइल म्हणतात, आणि दुसरी त्यात मिसळलेली रसायने, म्हणजे अ‍ॅडिटिव्ह. कुणी झीज थांबवते, कुणी काजळी धरून ठेवते, कुणी गंज येऊ देत नाही. हा उद्योग आपल्यापासून फार दूर नाही. हिंदुस्थान पेट्रोलियमच्या माहुलच्या रिफायनरीत बेस ऑइल तयार होते आणि तुर्भ्याला अ‍ॅडिटिव्हचा कारखाना आहे.

खनिज तेल शुद्ध करून जे बेस ऑइल मिळते, त्याचे रेणू लहान-मोठे, सरळ-वाकडे असे सगळ्या तऱ्हेचे असतात. सिंथेटिकमध्ये रेणू मुद्दाम घडवलेले किंवा बदलून एकसारखे केलेले असतात. त्यामुळे ते उष्णतेत लवकर जळत-आटत नाही, घट्ट गाळ कमी धरते आणि थंडीत पातळ राहते. जेट विमानांच्या इंजिनांत अशीच घडवलेली तेले लागतात, कारण तिथल्या उष्णतेत साधे तेल टिकत नाही.

पण या शब्दाचीही एक गंमत आहे. खनिज तेलावरच हायड्रोजनची जबर प्रक्रिया करून ते फार उच्च दर्जाचे करता येते. त्याला ‘ग्रुप तीन’ म्हणतात. याला सिंथेटिक म्हणावे की नाही, यावरून अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल या कंपन्यांत वाद झाला. १९९९ साली तिथल्या जाहिरातींचा निवाडा करणाऱ्या संस्थेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर ‘ग्रुप तीन’च्या तेलालाही सिंथेटिक म्हणण्याची वाट मोकळी झाली. म्हणून एका डब्यावरचे ‘सिंथेटिक’ आणि दुसऱ्या डब्यावरचे ‘सिंथेटिक’ एकच असेल असे नाही. हा शब्द तेल कशापासून केले ते थोडेफार सांगतो. ते तुमच्या गाडीला चालेल की नाही, हे सांगत नाही. ते सांगणाऱ्या खुणा तीन आहेत.

पहिली खूण घट्टपणाची. १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-५० असे आकडे डब्यावर असतात. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतले वागणे सांगतो, नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर तेल किती घट्ट राहील ते सांगतो. १०डब्ल्यूची एक परीक्षा उणे २५ अंशांवर घेतात. डोंबिवलीत पारा १५ अंशांवर आला तरी आपण कानटोप्या काढतो. तेव्हा पहिला आकडा जितका लहान तितके ऑइल भारी, असे समजून आपण पैसे मोजू नयेत. नंतरचा आकडा आपल्या हवेत महत्त्वाचा. ती परीक्षा १०० अंशांवर होते. मात्र ‘आपल्याकडे उकाडा फार, म्हणून जास्त घट्ट घाला’ हा सल्लाही मनाचा. इंजिनातल्या फटी किती बारीक ठेवल्या आहेत, हे बनवणाऱ्याला ठाऊक असते. पुस्तकात ३० लिहिले असेल तर ३०च.

दुसरी खूण एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची. पेट्रोल इंजिनांसाठी एस या अक्षरापासून सुरू होणाऱ्या जोड्या असतात. एसएल २००१ची, एसएन २०१०ची, एसपी २०२०ची. पुढचे अक्षर म्हणजे नंतरची, अधिक कडक परीक्षा. पुस्तकात एसएल सांगितले असेल तर एसएन चालते. उलटे करू नये.

तिसरी खूण माझ्या नजरेतून सुटली ती. जासो, म्हणजे जपानी वाहन मानकांची. मोटारकारचा क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला नसतो. बहुतेक मोटरसायकलींचा बुडालेला असतो. एकच ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच अशा तिघांचा संसार चालवते. कारच्या पातळ ऑइलमध्ये पेट्रोल वाचावे म्हणून घर्षण आणखी कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. कारला ती उपकारक, पण क्लचचे सगळे काम घर्षणावरच चालते. तेच काढून घेतले तर प्लेट एकमेकींवरून नुसत्या घसरतात. पुलावर आमचे नेमके हेच झाले होते. म्हणून मोटरसायकलसाठी डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ पाहिजे. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच वेगळ्या कप्प्यात, कोरडा असतो. तिच्यासाठी एमबी. आमच्या घरात माझी मोटरसायकल आणि मुलीची स्कूटर शेजारी उभ्या असतात. स्कूटरमध्ये एमए गेले तर फार बिघडत नाही, पेट्रोल थोडे जास्त लागेल. मोटरसायकलमध्ये एमबी गेले तर मात्र माझ्यासारखे पुलावर उभे राहाल.

या तीन खुणा जुळल्या की मग प्रश्न उरतो तो साधे की सिंथेटिक. याचे उत्तर डब्यावर नाही. ते आपल्या दिनक्रमात आहे.

आपल्या गावात हजारो दुचाकींचे आयुष्य कसे जाते पाहा. सकाळी घरापासून स्टेशन, दीड-दोन किलोमीटर. मग दिवसभर पार्किंगमध्ये. रात्री पुन्हा तेवढेच. मालक अभिमानाने सांगतो, गाडी फारशी चालतच नाही, ऑइल कशाला बदलायचे? पण हेच हाल सर्वांत वाईट. एक लिटर पेट्रोल जळले की वाफेच्या रूपात साधारण तेवढेच पाणी तयार होते. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, थोडी इंजिनात उतरते. इंजिन नीट तापले तर ती उडून जाते. दोन किलोमीटरांत ते पुरते तापतच नाही. ऑइलमध्ये पाणी आणि न जळलेले पेट्रोल साठत राहते. सिंथेटिक घातले म्हणून हे पाणी टळत नाही. अशा गाडीला पुस्तकाप्रमाणे योग्य खुणांचे साधे ऑइल घाला, पण ते किलोमीटरवर न जाता महिन्यांच्या मुदतीवर बदला. शिवाय सुटीच्या दिवशी तिला अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर फिरवून आणा.

आता दुसरा माणूस घ्या. रोज कल्याण-शीळ रस्त्याने नवी मुंबईला जाणारा, किंवा पाठीवर खाण्याच्या पार्सलची पेटी घेऊन दिवसभर फिरणारा मुलगा. एप्रिल-मेचे ऊन, कोंडीत तासभर रखडलेली गाडी, आणि वाऱ्यावर थंड होणारे इंजिन. गाडी उभी तर वारा नाही. इथे ऑइल खरोखर भाजून निघते, आणि इथे सिंथेटिकचे जादा पैसे वसूल होतात. ते लवकर पातळ पडत नाही, गाळ धरत नाही. तेव्हा ज्याला त्याची खरी गरज आहे, तो बहुधा पैशाअभावी ते घेत नाही, आणि माझ्यासारखा स्टेशनपर्यंत जाणारा हौसेने घेतो.

दोन गैरसमज जाता जाता. ऑइल काळे झाले म्हणजे खराब झाले असे नाही. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. आणि एकदा सिंथेटिक घातले की परत साध्यावर येता येत नाही, हेही खरे नाही. इंजिन ऑइले एकमेकांत मिसळतील अशीच बनवलेली असतात.

स्वतः बदलणार असाल तर इंजिन तीन-चार मिनिटे चालू ठेवून बंद करा, म्हणजे ऑइल पातळ होऊन पुरते निथळते. गाडी मधल्या स्टँडवर सपाट जागी घ्या. हातमोजे घाला, कारण वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली घातक द्रव्ये असतात. बोल्टखालचा वॉशर नवा टाका. बोल्ट जोर लावून पिळू नका, तळाचे ॲल्युमिनियम मऊ असते, त्याचे आटे गेले की खर्च मोठा. माप पुस्तकातलेच. डब्यात लिटर आहे म्हणून सगळा ओतायचा नाही. कित्येक स्कूटरना त्याहून कमी लागते. गझलेत एक मात्रा जास्त झाली की मिसरा अडखळतो, इथेही तसेच आहे. कमी झाले तर झीज होते, जास्त झाले तर दाब वाढून ऑइल नको तिथून बाहेर येऊ पाहते.

सर्वांत महत्त्वाचे शेवटी सांगतो. निघालेले ऑइल कुठे टाकायचे? पहिल्या खेपेला मी काय केले, ते सांगायला लाज वाटते. सोसायटीच्या गटाराच्या जाळीत ओतले. वर बादलीभर पाणी टाकले. जागा स्वच्छ दिसू लागली.

आपण डोंबिवलीकर. २०१४ साली आपण हिरवा पाऊस पाहिला, २०२० साली गुलाबी झालेला रस्ता पाहिला. एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या नावाने आपण बोटे मोडतो, आणि ती मोडलीच पाहिजेत. पण आपली जाळी नाल्याला मिळते, नाला उल्हासच्या खाडीला. त्या दिवशी माझाही एक छोटा कारखानाच होता. परवाना नसलेला.

२०१६च्या केंद्र सरकारच्या नियमांत वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात धरले आहे. १ एप्रिल २०२४पासून त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. कारण ते टाकाऊ नाही. तेल मरत नाही, ते मळते. अधिकृत कारखान्यात शुद्ध करून त्याचे पुन्हा बेस ऑइल होते. आपण करायचे एवढेच की ते रिकाम्या डब्यात भरायचे, वर ‘वापरलेले’ असे ठळक लिहायचे, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवायचे आणि जे गॅरेज आपले जुने ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रियेला देते तिथे नेऊन द्यायचे. देण्याआधी विचारायला लाजू नये. डबा परत घेऊन कापायचा, मगच भंगारवाल्याला द्यायचा. अखंड डब्यांत बनावट ऑइल भरून पुन्हा बाजारात येते.

आता मी दर खेपेला तो काळा डबा घेऊन त्याच मेकॅनिककडे जातो. परवा तो म्हणाला, “काका, एवढं चालत यायचं, तर इथेच बदलून घ्या ना.” त्याचे म्हणणे चुकीचे नाही. तुम्हालाही तसे वाटले तर खुशाल गॅरेजात बदलून घ्या. फक्त तो डबा उघडायच्या आधी एकदा हातात घ्या, चष्मा लावा आणि मागची बारीक अक्षरे वाचा.