रोहिणीचे पाणी आणि पाचवा पंच

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे मिरचीचे गाव. पावसाळ्यात तोडणी चालू असते आणि दिवसभर मिरची तोडून आलेल्या आयाबायांच्या बोटांची आग रात्रीपर्यंत जात नाही. त्याच हातांनी त्या संध्याकाळी वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला येऊन बसतात. अशाच एका संध्याकाळी आम्हीही तिथे होतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातील रोहिणी नदीच्या तंट्याचा भाग चालू होता. वाचणारा मुलगा दहावीतला, आवाज खणखणीत.

कथा आपल्या घरोघरी माहीत आहे, पण लहान वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. शाक्य आणि कोलिय यांच्या मधून रोहिणी वाहत होती. दोघांची शेती तिच्यावर. आधी पाणी कोणी घ्यायचे आणि किती घ्यायचे, यावरून दरवर्षी भांडण. सिद्धार्थ अठ्ठावीस वर्षांचा असताना दोन्हीकडच्या नोकरांत मोठी मारामारी झाली, माणसे जखमी झाली आणि शाक्यांच्या सेनापतीने संघापुढे युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ उठून उभा राहिला. तो म्हणाला, आधी चौकशी करा, आपल्याही माणसांनी आगळीक केलेली आहे. आपण दोन माणसे निवडू, कोलियांनी दोन निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा मिटवावा. मतदान झाले. सिद्धार्थाची सूचना फार मोठ्या बहुमताने पडली.

इथे मुलगा थांबला. मागच्या बाजूला बसलेल्या एका आजींनी विचारले, "पन मंग त्या पाचव्याचं ऐकायला दोघांना लावनार कोन व्हतं, भाऊ?"

कोणी काही बोलले नाही. मग आजींनीच सांगितले. त्यांच्या माहेरच्या गावात त्या लहान असताना विहिरीवरून भांडण झाले होते. पंच बसले. "पाचीच्या पाची त्यांच्याच आळीचे. आमचा बाप हात जोडून उभा. त्यायनं सांगितलं, शांततेनं ऱ्हा. ऱ्हायलो शांततेनं. पानी काही मिळालं न्हाई."

जगाच्या शांततेवर आजवर जे ग्रंथ लिहिले गेले, त्यांतील मोठा प्रश्न आजींनी दोन वाक्यांत मांडला, असे आम्हाला वाटते. पंच कोणाचे, आणि त्यांचा निवाडा बळकटाकडून पाळून घेणार कोण?

आपल्या मराठवाड्यालाही रोहिणीचा तंटा नवा नाही. जायकवाडीत पाणी यावे म्हणून वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून ते सोडावे की नाही, यावर किती आंदोलने झाली! पण तलवार कोणी उपसली नाही. २००५ च्या कायद्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले, सप्टेंबर २०१४ मध्ये त्याने वाटपाचा आदेश दिला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. कुरबुर आजही आहे. पण दोघांच्या वर एक बसलेला आहे आणि त्याच्या हुकमामागे कायद्याचे बळ आहे.

देशांच्या वर असे कोण आहे? नेदरलँड देशात हेग नावाचे शहर आहे. तिथे आंतरराष्ट्रीय न्यायालय भरते. पंधरा न्यायाधीश, प्रत्येकाची मुदत नऊ वर्षे. सांगलीत जन्मलेले आपले कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी कोर्टाने एप्रिल २०१७ मध्ये फाशी सुनावली, तेव्हा भारत याच न्यायालयात गेला. १८ मे २०१७ रोजी न्यायालयाने फाशी थांबवायला सांगितले. नागपुरात वाढलेले हरीश साळवे यांनी एक रुपया फी घेऊन भारताची बाजू मांडली. १७ जुलै २०१९ रोजी निकाल लागला, पंधरा विरुद्ध एक. जाधवांना भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटू दिले नाही हा पाकिस्तानने केलेला करारभंग आहे, शिक्षेचा फेरविचार करा, असे न्यायालय म्हणाले. सुटका मात्र दिली नाही. तरीही दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांमध्ये एका माणसाच्या गळ्यातला फास कागदाने अडवला, ही लहान गोष्ट नाही.

पण आजींचा प्रश्न इथेही सुटत नाही. या न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत, आणि दोन्ही देशांची संमती असल्याशिवाय खटला चालत नाही. निकाल पाळला नाही तर दाद मागायची सुरक्षा परिषदेत, आणि तिथे अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स या पाच कायम सभासदांपैकी एकाने हात आडवा केला की ठराव मेला. यालाच नकाराधिकार म्हणतात. १९८६ साली निकाराग्वा या लहानशा देशाने अमेरिकेविरुद्ध खटला जिंकला. निकालाची अंमलबजावणी करा असा ठराव सुरक्षा परिषदेत आला, तेव्हा अमेरिकेनेच नकाराधिकार वापरला. म्हणजे आरोपी तोच, पंचही तोच. १६ मार्च २०२२ रोजी न्यायालयाने रशियाला युक्रेनमधील लष्करी कारवाई थांबवायला सांगितले, तेरा विरुद्ध दोन मतांनी. कारवाई थांबली नाही. पाचीच्या पाची त्यांच्याच आळीचे, हे आजींचे वाक्य आम्हाला न्यूयॉर्कच्या त्या इमारतीवर लिहून ठेवावेसे वाटते.

आपला देशही यातून सुटत नाही, हेही लिहिले पाहिजे. १९९९ साली पाकिस्तानचे एक विमान पाडले गेले आणि पाकिस्तान हेगला गेला, तेव्हा भारताने सांगितले की या न्यायालयाला आमच्यावर अधिकारच नाही. २००० साली न्यायालयाने ते मान्य केले. आपल्या माणसाचा जीव अडकला की न्यायालय हवे, आपल्यावर आले की अधिकार नाही. सगळीच सरकारे असे वागतात.

आणि जातीचे काय? याचे उत्तर बाबासाहेबांनी शोधायला सुरुवात केली होती. १९४६ साली अमेरिकेतील निग्रो समाज आपली दाद संयुक्त राष्ट्रांकडे मागत असल्याचे त्यांच्या वाचनात आले. त्यांनी त्या समाजाचे थोर विद्वान डू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांनीही तोच मार्ग धरावा असे त्यांच्या मनात होते. पुढे त्यांनी अनुसूचित जातींच्या स्थितीचा अहवाल तयार केला, पण सादर केला नाही. का, ते त्यांनीच ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिपदाच्या राजीनाम्याच्या निवेदनात सांगितले आहे: संविधान सभेला आणि पुढच्या संसदेला आधी संधी द्यावी, असे त्यांना वाटले. त्याच निवेदनात त्यांनी म्हटले की जुलूम तोच आहे, पूर्वीचाच. संधी दिली होती, आणि झाले ते हे.

त्यांनी घडवलेल्या संविधानात मात्र अनुच्छेद ५१ आहे. राज्याने आंतरराष्ट्रीय शांततेला चालना द्यावी, आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आदर वाढवावा आणि देशादेशांतील तंटे लवादाने मिटवण्यास उत्तेजन द्यावे, असे तो सांगतो. लवाद! शाक्यांच्या सभेत पडलेली ती सूचना इथे कायद्याच्या पुस्तकात येऊन बसली.

१९६५ साली संयुक्त राष्ट्रांत वंशभेद निर्मूलनाचा करार झाला. त्याच्या व्याख्येत वंश, वर्ण यांच्याबरोबर 'जन्मकुळ' या अर्थाचा शब्द आहे आणि तो भारताच्याच सूचनेवरून घातला गेला. पण २००१ साली दक्षिण आफ्रिकेतील डर्बनला वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली, आपले कार्यकर्ते जातीचा प्रश्न घेऊन तिथे गेले, तेव्हा भारत सरकारने तो आमचा अंतर्गत प्रश्न आहे असे सांगून विरोध केला. कराराची देखरेख करणाऱ्या समितीने २००२ साली स्पष्ट केले की या शब्दात जात येते. सरकारने ते मानले नाही. आपल्या आळीचा पंच बाहेरून आणायची वेळ आली की गावकी नेहमी हेच म्हणते, घरातले भांडण घरात ठेवा.

मिरची तोडणाऱ्या बाईला हेग आणि डर्बन कशाला, असे कोणी म्हणेल. भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी भोगवर्धनच्या लोकांनी सांची आणि भरहुतच्या स्तूपांना दान दिल्याचे तिथल्या दगडावर कोरलेले आहे. या मातीतल्या माणसाने जगाचा विचार करण्यात नवे काही नाही.

आजींना त्या दिवशी आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा वाचन राजगृहापर्यंत आले होते. सिद्धार्थ घर सोडून गेला आहे आणि पाच परिव्राजक त्याला मागची बातमी सांगतात. जुन्या कथेत बुद्ध स्वतः नदीकाठी येतो आणि पाण्याचे मोल अधिक की रक्ताचे, असे विचारून लढाई थांबवतो. बाबासाहेबांच्या ग्रंथात तसे नाही. तिथे सिद्धार्थ गेल्यावर लोक रस्त्यावर उतरतात, युद्ध नको म्हणून मिरवणुका काढतात. तेव्हा शाक्यांचा संघ पुन्हा भरतो. दोन्हीकडून पाच-पाच दूत बसतात आणि रोहिणीच्या पाण्यासाठी कायमचे लवाद मंडळ नेमतात. त्याचा निवाडा दोघांवरही बंधनकारक.

आजी पुढे सरकून ऐकत होत्या. "रस्त्यावर बाया बी व्हत्या का?" त्यांनी विचारले.

मुलाने बोट ठेवून मागची ओळ शोधली. होत्या, तो म्हणाला, बायका आणि मुलेही. आजींनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली.